दुसरी झडती

उद्धवरावांना आपल्या सुनेचा संशय आला तो काही उगाच नाही. माणूस पुराव्याशिवाय बोलणारा नव्हता. बायको बयनाबाई दोन वर्षांपासून खोकत होती, दम लागून लागून अर्धी झाली होती, आणि संक्रांतीनंतर तर नाकात नळी घालून ऑक्सिजनच्या मशीनजवळच बसून राहायची. दुसरा कुणी नवरा अशा वेळी देवाला बोल लावतो, नाहीतर नशिबाला. उद्धवरावांचा देवावर तेवढा संशय नव्हता. बाकी सगळ्यांवर होता.

बी-बियाण्याच्या दुकानदारावर होता, वीज मोजणाऱ्या मीटरवर होता, मंडल ऑफिसातल्या तेलुगू बोलणाऱ्या कारकुनांवर तर होताच, कारण ते आपसात काय बोलतात ते धड कळत नसे आणि मधूनच हसत. बाजारातली वस्तू घरात आणायची म्हणजे ती तीन वेळा हुंगून, उलटीपालटी करून. शक्यतो आणायचीच नाही. घरचं ते खरं, असा त्यांचा खाक्या होता.

तर सुनेविरुद्धचा पुरावा असा. बयनाबाईला आदिलाबादजवळच्या मावल्याला लेकीकडे, अश्विनीकडे नेली, की चौथ्या दिवशी ताप जायचा. आठव्या दिवशी बाई भिंतीला धरून का होईना, दारापर्यंत चालायची. बोटाला लावायच्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा एक्याण्णव. घरी परत आणली, की दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी हुडहुडी, खोकला, ताप, आणि आकडा चौऱ्याऐंशी. एकदा नव्हे, चारदा झालं. मग घरात असं काय होतं जे मावल्याला नव्हतं? घरात सून होती. सुवर्णा. स्वयंपाक तिच्या हातात, औषधाच्या गोळ्या तिच्या हातात, पाणी तिच्या हातात.

शहानिशा करायची म्हणून उद्धवरावांनी सुवर्णेच्या हातचा पहिला घास आधी कुत्र्याला घालायला सुरुवात केली. हे काही लपूनछपून नाही. ताट पुढ्यात आलं की भाकरीचा तुकडा मोडायचा, कालवणात बुडवायचा आणि ओट्यावरून खाली टाकायचा. मग कुत्र्याकडे टक लावून बसायचं. सून उंबऱ्यात उभी राहून हे पाहायची. कुत्रं मेलं नाही. उलट चांगलं गुटगुटीत झालं आणि जेवायच्या वेळेला न बोलावता हजर राहू लागलं. पण उद्धवरावांना वाटलं, कुत्र्याची जात, पचवत असेल.

आणि मागच्या दिवाळीत तर तिला रंगेहाथ पकडली. बयनाबाई झोपलेली, आणि ही तिच्या खोलीत पाठमोरी बसून पाण्यात कसलासा पाला टाकत होती. उद्धवरावांनी दारातूनच आरडाओरडा केला. गल्ली गोळा झाली. सुवर्णा काहीतरी सांगत होती, पण ऐकतो कोण? त्या दिवसापासून बयनाबाईच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली उद्धवरावांच्या करदोट्याला. आत जायचं ते फक्त त्यांनी. सेवा करायची ती त्यांनी. पोरगा लखन मालाची गाडी चालवायचा, चार-चार दिवस बाहेर. तो बापापुढे बोलला नाही आणि बायकोपुढेही बोलला नाही.

एवढं मात्र खरं, की बायकोवर त्यांचा जीव होता. सत्तरीला टेकलेला माणूस तिचं पाणी, तिची गादी, तिची वेणीसुद्धा स्वतः करायचा. तिला वारा लागतो, तोंडावर गार वारा आला की बरं वाटतं, म्हणून थंडीतसुद्धा तिच्या उशाशी कूलर चालू ठेवायचा. बयनाबाई गेली तर या जगात आपण ज्याच्यावर संशय घेत नाही असं एकही माणूस उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

अश्विनीनं डॉक्टर शोधून काढला. हैदराबादेत मोठ्या हॉस्पिटलात हृदय आणि फुप्फुसं बदलणारा सर्जन. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आदिलाबादला येऊन स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात बसायचा.

"बाबा, शेवटचा इलाज करते तो," अश्विनी म्हणाली. "ज्याईचं कुठंच काही होत नाई, ते त्याच्याकडं जातेत. यादीत नाव टाकते. कोनी मेंदूनं मेलेला मानूस भेटला, घरच्याईनं व्हय म्हटलं, का त्याची फुप्फुसं तुमच्या मानसाले लावते."

"आन् तुह्या मायची जुनी? ते कोनाले लावते?"

"ते फेकून देते बाबा. काय इचारता तुमी बी!"

उद्धवरावांनी हे मनात टिपून ठेवलं. फेकून देतो म्हणे.

दवाखान्यातल्या नर्सनं "कूर्चोंडी, कूर्चोंडी" करत सगळ्यांना बाकावर बसवलं. दोन तासांनी आत बोलावलं. डॉक्टर पन्नाशीच्या आतला, सावळा, कानाजवळ पांढरे केस, बोटं लांबसडक. त्यानं बयनाबाईची छाती मागून-पुढून ऐकली, फोटो दिव्यासमोर धरून पाहिले, आणि मग असले प्रश्न विचारायला लागला, की उद्धवरावांनी कान टवकारले.

"घरात कबुतरं आहेत? कोंबड्या? कापूस कुठं भरता, राहत्या घरात? काकू कुठं झोपतात? त्या खोलीला खिडकी किती? कुठं गेल्यावर बरं वाटतं?"

"मावल्याले लेकीच्या घरी बरं वाटते," उद्धवराव पुढे सरसावले. "घरी आनली का सुरू. चारदा झालं साहेब. म्या मोजून ठेवलं हाये."

डॉक्टरची लेखणी थांबली. त्यानं पहिल्यांदाच उद्धवरावांकडे नीट पाहिलं.

"तुम्ही मोजलंत? चांगलं केलं. मलाही संशय आहे."

उद्धवरावांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. दोन वर्षांत पहिला माणूस भेटला होता ज्यालाही संशय होता. "कोनाचा, साहेब?"

"घराचा."

"म्हंजे?"

"म्हणजे या बाईंना घरातलंच काहीतरी मारतंय. ते काय आहे हे कळल्याशिवाय मी नाव यादीत टाकत नाही. पुढच्या शनिवारी मी घर बघायला येतो. तोवर यांना घरीच, रोजच्या जागी राहू द्या, आणि काही हलवू नका, काही धुऊ नका. जसं आहे तसं मला पाहायचं आहे."

उद्धवरावांनी चिठ्ठी हातात घेतली आणि बाहेर येऊन, चष्मा पुसून, वरपासून वाचायला घेतली. औषधाची चिठ्ठी वरपासून वाचणारे आख्ख्या दवाखान्यात ते एकटेच. वर छापलं होतं: डॉ. हर्षदीप रामाजी दुर्गे.

रामाजी दुर्गे. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती अशी जोरात, की बाकावर बसावं लागलं.

रामाजी त्यांच्याकडे सालगडी होता. पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. बयनाबाईची सोन्याची पोत हरवली, आणि त्या दिवशी घरात येऊन गेलेला बाहेरचा माणूस म्हणजे रामाजी, सरकीची पोती ठेवायला आलेला. उद्धवराव तेव्हाही पुराव्याशिवाय बोलणारे नव्हते. गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी चार माणसं सोबत घेतली आणि रामाजीच्या घराची झडती काढली. झडती घ्यायची ती चौघांसमोर, म्हणजे उद्या कुणी नाही म्हणायला नको. मडकी उपडी केली. वर्षभराची ज्वारी अंगणात ओतली. पोत मिळाली नाही. त्याची बायको विठाबाई संध्याकाळपर्यंत मातीतून दाणे वेचत बसली होती, आणि दहा-बारा वर्षांचं एक पोरगं शाळेचं दप्तर पोटाशी धरून भिंतीला टेकून उभं होतं. आठ दिवसांत ते घर गाव सोडून आदिलाबादला गेलं.

ते पोरगं आता झडतीला येणार होतं.

"कायले येते तो, मले कळत नाई काय?" घरी आल्यावर उद्धवराव खोलीत येरझारा घालत म्हणाले. "आजवर कोनता डाक्टर घर पाह्यले आला? रामाजीचा पोरगा हाये तो, बदला घेते. आपलं घर उकरते, चार लोकाईत इज्जत घेते, आन् मंग म्हनते, जा, नाई टाकत नाव."

बयनाबाईनं डोळे मिटलेले होते. तिला एका वाक्याला दोन श्वास लागत. "येऊ द्या," ती म्हणाली. मग थांबून, "त्याच्या मायनं... दाने वेचले होते."

"त्याचं आता काय!"

उद्धवरावांनी कूलरचा वारा तिच्या तोंडावर नीट लावला आणि टाकीत एक बादली पाणी ओतलं. त्यांना त्या रात्रभर एकच गोष्ट आठवत राहिली, जी फक्त त्यांना ठाऊक होती. त्याच वर्षी होळीच्या सुमारास, कणगी रिकामी करताना, तळाच्या ज्वारीत पोत सापडली होती. बयनाबाईच्याच गळ्यातून कधीतरी पडलेली. तोवर रामाजी गाव सोडून गेला होता. आता सांगून काय उपयोग, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि बायकोला सांगितलं, की नवीन करून आणली.

आठवडाभर उद्धवरावांनी डॉक्टरची चौकशी केली. बस स्टँडवर एक जण म्हणाला, देवमाणूस आहे. देवमाणूस म्हटलं की उद्धवरावांना हटकून शंका यायची. दुसरा म्हणाला, त्यानं शेकडो लोकांची छाती उघडली आहे. ती तर धमकीच वाटली. पण बयनाबाईचा आकडा ब्याऐंशीवर आला होता, आणि या माणसाशिवाय दुसरं दार उरलं नव्हतं. हात जोडायचे की हात उगारायचा, हेच त्यांना ठरवता येईना.

शनिवारी दहा वाजता डॉक्टर आला. स्वतःच गाडी चालवत, एकटा. हातात विजेरी आणि खिशात प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्या. उन्हं तापायला लागली होती. गल्लीतल्या बाया दारात आल्या. लखनला उद्धवरावांनी मुद्दाम थांबवून घेतलं होतं.

"चार मानसं बोलावू काय?" उद्धवराव ओट्यावरूनच म्हणाले. बोलण्यात खोच होती. "झडती हाये ना. रिवाजानं होऊ द्या."

झडती हा शब्द ऐकताच डॉक्टरनं वर पाहिलं. म्हणजे त्यानंही ओळखलं होतं, आणि यांनीही ओळखलं होतं, आणि दोघांनाही ते कळलं. डॉक्टर ओट्याची पायरी चढला.

"मला माणसं नको, उद्धवराव," तो म्हणाला. "मला उजेड पाहिजे. खिडक्या उघडा."

मालक नाही, काका नाही, नुसतं उद्धवराव. हेही त्यांनी टिपलं.

डॉक्टरनं माळा पाहिला, कबुतरांची विष्ठा आहे का म्हणून. नव्हती. कापसाची खोली पाहिली. माल कधीच गेला होता, खोली झाडलेली. न्हाणीची भिंत नखानं खरवडून पाहिली. उद्धवराव मागे मागे फिरत होते आणि त्याला स्वयंपाकघराकडे ओढत होते.

"इकडं पाहा साहेब. डबे पाहा. हे तिखट, हे हळद, हे कोनतं पीठ हाये ते मले बी ठाऊक नाई. तिले इचारा."

सुवर्णा चुलीजवळ उभी होती. पदर घट्ट ओढलेला, नजर खाली. डॉक्टरनं एक डबा उघडला, हुंगला, बंद केला.

"ज्वारीचं पीठ आहे," तो म्हणाला. "काकूंची खोली कुठं आहे?"

उद्धवरावांनी करदोट्याची किल्ली काढली. कुलूप उघडलं, दार ढकललं, आणि डॉक्टर उंबऱ्यावरच थबकला. आतून गार, ओला वारा आला. त्यानं खिशातून मास्क काढून नाकावर चढवला.

"हा वास कधीपासून आहे?"

"कसला वास?" उद्धवरावांना खरंच कळेना. त्यांना तो वास वाटतच नव्हता. भिजल्या गंजीचा, गोठ्याचा, घरचाच वास तो.

खाटेवर बयनाबाई बसली होती, नाकात नळी, आणि तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर पत्र्याचा कूलर घरघरत होता. डॉक्टर सरळ गेला आणि बटण बंद केलं.

"बाबू... बंद नको करू," बयनाबाई धापा टाकत म्हणाली. "त्याच्यानंच... बरं वाटते."

"काकू, दोन मिनिटं." त्यानं खिडकी सताड उघडली, कूलरची बाजूची ताटी उचकटली, आणि विजेरी मारली. जाळीच्या आत तणस होती, भातकाढणीनंतर उरणारं गवत. काळी पडलेली, गोळे झालेली, आणि त्या गोळ्यांवर पांढरं पीठ धरलेलं. बोट लावलं तशी धूळ उठली आणि खिडकीच्या उन्हात हळूहळू तरंगत राहिली. टाकीतलं पाणी हिरवं, बुळबुळीत.

"इथं कोण हात लावतं?" डॉक्टरनं विचारलं.

उद्धवरावांचे डोळे चमकले. या क्षणाची त्यांनी दिवाळीपासून वाट पाहिली होती. "साहेब, तेच सांगून राह्यलो! हेच पानी. याच पान्यात ही पाला टाकत होती. म्या सोताच्या डोयानं पाह्यली!"

डॉक्टर सुवर्णेकडे वळला. "काय टाकत होतात?"

सहा महिन्यांत तिला कुणी विचारलं नव्हतं. "लिंबाचा पाला," ती म्हणाली, कडुलिंबाच्या झाडाकडे हात करून. "पान्याले वास येत होता साहेब. म्या दर आठ दिवसाले टाकी उपसत होती, ताट्या उनात वाळवत होती. मामाजीले सांगतलं होतं त्या दिवशी. ते म्हने, पाय ठेवू नको आत. मंग म्या नाई ठेवला."

"आणि ही तणस कुणी भरली?"

"म्या," उद्धवराव म्हणाले. अजून त्यांच्या आवाजात ऐट होती. "माह्या हातानं. बजारातल्या ताट्याईले काय औषध मारतेत कोनाले मालूम. हे घरचं हाये, नाल्याकाठच्या धानाचं. दोन साल झाले, बदलाची गरज नाई पडली."

खोलीत मशीन तेवढं आपलं फुसफुसत होतं.

डॉक्टरनं थोडी तणस पिशवीत भरली, गाठ मारली, आणि मास्क खाली ओढला. "ओल्या गवताला बुरशी धरते," तो म्हणाला. "तिचं पीठ इतकं बारीक, की श्वासाबरोबर थेट आत जातं. सगळ्यांना बाधत नाही. ज्याला बाधतं त्याचं फुप्फुस त्याच्याशी भांडत राहतं, आणि भांडून भांडून आतून चामड्यासारखं होतं. पिशवीतलं तपासून घेईन, पण मला शंका उरलेली नाही. मावल्याला कूलर आहे?"

"पंखा हाये," लखन दारातून म्हणाला.

"आजच यांना मावल्याला न्या. परत इथं आणू नका. जेवढं फुप्फुस गेलं ते येणार नाही, पण उरलेलं वाचू शकतं. तीन महिन्यांनी मी बघेन."

"आन् यादी?" उद्धवराव म्हणाले. "नाव टाकता ना यादीत?"

"आज नाही."

झालं. उद्धवरावांचा तोलच गेला. "मले ठाऊक होतं! पह्यल्याच दिवशी ठाऊक होतं! रामाजीचा पोरगा तू. बापाचा बदला घेऊन राह्यला, गवताचं नाव करून! तिले मरू देतं काय?"

डॉक्टरचा चेहरा कठोर झाला. बोलला तेव्हा त्याची शहरी भाषा कुठल्या कुठे गेली.

"आयका. अकरा सालाआधी म्या एका मानसाले फुप्फुसं लावली. बावीस सालाचा पोरगा मेला होता, त्याच्या मायनं देल्ली होती. आठ तास उभा होतो. मानूस चालत घरी गेला, मले पेढे धाडले. म्या त्याचं घर पाह्यलं नाई. घरावर त्यानं कबुतरं पाळली होती. दोन सालात ते नवी फुप्फुसं बी सडली. त्या मायले म्या काय सांगू, तुह्या लेकराचा श्वास म्या कबुतराच्या खुराड्यात धाडला?" तो थांबला. "तवापासून म्या घर पाह्यल्याशिवाय नाव टाकत नाई. कोनाचंच नाई. या खोलीत नवी फुप्फुसं आनली तरी हेच होईन. अन् काकूले कदाचित लागनारच नाई. छाती फाडाची गरज पडली नाई, तर मले आनंद हाये."

मग जरा खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "सूनबाईला आत यायला बंदी कधीपासून?"

"दिवाळीपासून," लखन म्हणाला.

"आणि ऑक्सिजनचं मशीन?"

उद्धवरावांना याचं उत्तर ठाऊक होतं. संक्रांतीनंतर. दिवाळीपर्यंत टाकी उपसली जात होती, ताट्या वाळत होत्या, आणि बायको खोकत का होईना, अंगणात बसत होती. दिवाळीला कुलूप लागलं. संक्रांतीनंतर मशीन आलं. मोजून ठेवायची सवय ज्याला, त्याला हे एवढं दोन महिन्यांचं मोजायला किती वेळ लागतो? ते खाटेच्या कडेवर बसले आणि बायकोच्या पायावर हात ठेवला. रोज स्वतःच्या हातानं बादली ओतत होतो. वारा नीट तिच्या तोंडावर लावत होतो.

मग उठले, कूलरची ताटी जाळीसकट उचलली आणि अंगणात नेऊन टाकली.

"तोंडाले फडकं बांधा!" डॉक्टर ओरडला. त्यांनी बांधलं नाही.

"लखन, चौघायले बोलाव," ते म्हणाले.

सुवर्णेच्या तोंडचं पाणी पळालं. दिवाळीला गल्ली गोळा झाली होती ती तिला आठवत होती. ती दाराच्या आड सरकली. चंपतराव आले, काठी टेकत. पहिल्या झडतीच्या चौघांपैकी तेवढे एकच उरले होते. बाकी तिघे गल्लीतलेच, नव्या पिढीचे.

"काय सापडलं म्हनते, उद्धवराव?" चंपतरावांनी विचारलं.

"चोर सापडला."

सगळ्यांच्या नजरा दाराआडच्या पदराकडे वळल्या.

"तिकडं नाई, इकडं पाहा," उद्धवराव म्हणाले. "मी हाव तो. हे सडकं तणस म्या भरलं कूलरात. माही बायको याच्यानं अशी झाली. सूनबाई ते साफ करत होती, म्या तिले चोरावानी बाहीर काहाडली. दिवायीले तुमच्या सगळ्याईसमोर जे बोललो ते खोटं होतं."

चंपतराव खाकरले. "बरं झालं, समजलं ते," असं म्हणून ते काठी सावरून निघाले.

"बसा," उद्धवराव म्हणाले. "अजून हाये."

त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं नाही. तणशीकडे बघत बोलले.

"रामाजीची झडती घेतली होती आपन. तुमी होते सोबत. पोत त्यानं नेली नोयती. माह्या कनगीत सापडली. त्याच होळीले."

"मंग सांगतलं काऊन नाई?" चंपतरावांचा आवाज एकदम चढला. "म्या त्याचे मडके उपडे केले न्, या हातानं! सारा जलम मी त्याले चोर समजत आलो!"

"लाज वाटली," उद्धवराव म्हणाले. "मंग सवय झाली."

खोलीच्या दारात बयनाबाई आली होती, चौकटीला धरून, नळी काढून. डॉक्टर तिला सावरायला धावला. तिनं त्याच्या दंडाला धरलं. "मले... ठाऊक होतं," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला थांबावं लागत होतं, आणि कुणी तिला थांबवलं नाही. "नवी नोयती ते. पोतीची गाठ... माही होती. म्या बी... नाई बोलली. बाबू, म्या बी."

डॉक्टर तिच्या मनगटावरची नाडी पाहत राहिला. हात न सोडता म्हणाला, "बाबा सहा वर्षांपूर्वी गेले, काकू. त्यांना हे ऐकायला आवडलं असतं." त्यापुढे काही नाही. माफ केलं असंही नाही. मग लखनला म्हणाला, "माझी गाडी दाराशी लाव. मशीन मागच्या सीटवर. आणि उद्धवराव, खोकला तुम्हालाही आहे, मी आल्यापासून ऐकतोय. दुसऱ्या शनिवारी तुम्हीही या."

निघायची घाई सुरू झाली. सुवर्णेनं सासूचे कपडे बांधले, गोळ्यांची पिशवी घेतली. मावल्याला सोबत तीच जाणार होती. बयनाबाईनं तसं सांगितलं आणि कुणी हरकत घेतली नाही. उद्धवरावांनी करदोट्याची किल्ली सोडली, पण ती कुणाला द्यायची हे त्यांना कळेना. खोलीत आता कुलूप लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी ती तशीच कोनाड्यात ठेवून दिली.

जायच्या आधी सुवर्णेनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. भाकरी, तुरीचं वरण, हिरवी मिरची. बोलायला तिला वेळ लागणार होता, कदाचित बराच. ती उंबऱ्यात उभी राहिली, रोजच्यासारखी.

ताटाचा आवाज ऐकून कुत्रं आलं आणि ओट्याखाली, आपल्या जागेवर, शेपूट हलवत बसलं.

उद्धवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. हात सवयीनं ओट्याबाहेर गेला आणि तिथंच थांबला. सून बघत होती. गाडीतून बयनाबाई बघत होती. त्यांनी हात मागे घेतला आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला. कुत्र्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग आपला वाटा मागायला भुंकू लागलं.